तीस हजारांत परदेश: चार विद्यार्थी, दहा दिवस. कुठे जावं?

अर्धा_चहा (१२ जानेवारी २०२५, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही चौघं पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी बार्शीचा, दोघं सांगलीकडचे, एक परभणीचा. जूननंतर कोण कुठे फेकला जाईल ते कॅम्पसवाल्यांनाच माहीत, म्हणून त्याआधी एकदा देशाबाहेर पाऊल टाकायचंय.

बजेट माणशी ३०,०००. त्यात प्रवास, व्हिसा, राहणं, खाणं सगळं आलं. तीस म्हणजे तीसच. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून साठवलेत, घरी मागायचे नाहीत. प्रवास धरून नऊ-दहा दिवस मिळतील. फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चची सुरुवात.

अडचण एकच, परभणीकराकडे पासपोर्ट नाही. मागे अर्ज केला होता, पण पोलीस पडताळणीला घरी आले तेव्हा हा इकडे हॉस्टेलवर लोळत होता. प्रकरण तिथेच थांबलं.

आणि हसू नका, पण पासपोर्टवर पहिला शिक्का पडावा ही फार इच्छा आहे. माझा पासपोर्ट तीन वर्षं कोरा आहे. आजवर एकदाच कामाला आला, आधारवर नाव चुकलं होतं तेव्हा सिमकार्ड घ्यायला.

डोक्यात व्हिएतनाम, थायलंड, श्रीलंका, नेपाळ. जाऊन आलेल्यांनी सांगा.

निशिगंधा_के (१३ जानेवारी, सकाळी ७:१५)

वाचतेय. आम्हालाही जायचंय. फक्त आम्ही पाच जण आहोत, त्यात सासूबाई आणि दीड वर्षाचं बाळ. बजेटचं तसं काही नाही.

आल्प्सवाले_काका (सकाळी ८:०२)

बाळांनो, उत्साह आवडला. पण तीस हजारांत परदेश म्हणजे दाताखाली शेंगदाणा ठेवून उपास सोडल्यासारखं आहे. दोन वर्षं थांबा, नोकरीला लागा आणि एकदाच काय तो युरोप करा. आम्ही उभयता मागच्या मे महिन्यात स्वित्झर्लंडला होतो. युंगफ्राउयोखचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तिथे बर्फात उभं राहून हिने घरून नेलेले बेसनाचे लाडू खाल्ले. ती चव दुसरीकडे येणे नाही. खर्च विचारू नका, दोघांचे सहा झाले.

टेबल_नं_४ (सकाळी ८:१०)

सहा हजार ना काका? (दिवे घ्या)

उंडगा_पाय (सकाळी ९:३३)

डोळे झाकून व्हिएतनाम. मी गेल्या सप्टेंबरात एकटा जाऊन आलो. मुंबईहून थेट विमान आहे, आधी पकडलंत तर जाऊन-येऊन वीस हजारांच्या आसपास बसतं. हॉस्टेलमध्ये पाचशे-सहाशे रुपयांत बंक, वर सकाळी अंडं-पाव फुकट. शंभर रुपये दिलेत की हातात जवळजवळ तीस हजार डाँग येतात, दोन दिवस उगाचच श्रीमंत वाटतं.

ई-व्हिसा २५ डॉलर. तो सरकारी साइटवरूनच काढा. शोधल्यावर आधी दिसतात त्यातल्या बऱ्याच एजंटांच्या असतात, दुप्पट-तिप्पट उकळतात. माझी स्वतःची चूक सांगतो. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटा टाकला. मंजूर होऊन आल्यावर कळलं. पुन्हा अर्ज, पुन्हा २५ डॉलर, आणि विमान चार दिवसांवर. पोटात गोळा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तेव्हा फॉर्म एकाने भरायचा आणि दुसऱ्याने पासपोर्ट हातात घेऊन मोठ्याने वाचायचा.

सात दिवसांचे माझे सगळे मिळून ४६ हजार गेले.

अर्धा_चहा (सकाळी ९:५०)

दादा, फॉर्मची टीप लिहून घेतली. पण बजेट तीस आहे :)

उंडगा_पाय (सकाळी ९:५८)

अरे तीस आणि सेहेचाळीसमध्ये फार फरक नसतो. गेलास की कळेल.

चिंगी_चाळीतली (सकाळी ११:२०)

थायलंड का नको? आपल्याला व्हिसा नाही, साठ दिवस राहू देतात. पुण्याहून बँकॉकला आता थेट विमान आहे, म्हणजे मुंबईची टॅक्सी वाचली. मैत्रिणींबरोबर गेले होते, पाच दिवसांचे ३८ झाले, त्यातले सात खरेदीचे.

फक्त स्वस्त तिकिटात हातात न्यायची सात किलोचीच बॅग असते आणि गेटवर खरंच वजन करतात. येताना माझी साडेनऊ भरली. तिथे जे पैसे भरले त्यात अजून एक दिवस राहून झालं असतं. आख्ख्या बिल्डिंगसाठी बाम घेतला होता ना. अजून संपत नाहीये तो बाम.

पक्का_कोथरूडकर (दुपारी १२:०५)

धागाकर्त्याला शुभेच्छा. दोन मुद्दे.

१. ‘बजेट’, ‘स्टायपेंड’ ठीक, पण ‘कॅम्पसवाले’?

२. यादीत नेपाळ दिसलं. नेपाळ हा परदेश नव्हे. व्हिसा नाही, पासपोर्ट नाही, भाषा कळते, देव तेच. तिथे जाऊन ‘परदेशी जाऊन आलो’ म्हणणं म्हणजे पर्वती चढून गिर्यारोहक म्हणवणं.

माउली_सोलापूर (दुपारी १:१७)

बार्शीकरा, गाववाल्याचं ऐक. नेपाळ. आम्ही २०२२ ला बस करून ५२ जण गेलतो. पशुपतिनाथ, मनोकामना, मुक्तिनाथ, जनकपूर, जाताना काशी, येताना अयोध्या, सगळं चौदा दिवसांत. आचारी संगं, गॅस संगं, पिठलं-भाकरी रोज. खर्च माणशी वीस पण नाय आला. पासपोर्ट कुणी विचारला नाय, आधार दाखवलं की झालं.

रानजाई (दुपारी २:३०)

माउली, आधारचं असं बिनधास्त सांगू नका. नेपाळला जायला भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. पंधराच्या आतले आणि पासष्टच्या वरचे यांनाच त्यातून सवलत आहे. रस्त्याने जाताना बऱ्याचदा कोणी बघत नाही हे खरं, पण विमानाने गेलात तर आधारवर काउंटरवरूनच परत पाठवतात. तुमच्या बसमध्ये पासष्टच्या वरचेच जास्त असतील.

माउली_सोलापूर (दुपारी २:३४)

मी ५८ वर्षांचा हाय.

रानजाई (दुपारी २:५१)

:)

धागाकर्त्या, तुझ्या परभणीच्या मित्राकडे मतदार कार्ड आहे का? असेल तर नेपाळ त्याला आजही उघडं आहे. फक्त शिक्का विसर. आपल्याला तिथे व्हिसाच नाही, त्यामुळे रस्त्याने गेलात तर पासपोर्टवर काही उमटत नाही. मी चार वेळा जाऊन आलेय, चारही वेळा कोरी.

अर्धा_चहा (दुपारी ३:४०)

कार्ड आहे! नोव्हेंबरच्या विधानसभेच्या आधी नाव नोंदवलं होतं, नवंकोरं आलंय. पण शिक्का नाही म्हणजे... विचार करतो.

चार्टर्ड_चकली (सायंकाळी ६:१२)

पैशाच्या बाजूने सांगतो. टूर कंपनीकडून परदेशाचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तुम्ही विद्यार्थी, पॅन कोणाचा, विवरणपत्र कोण भरणार, ही यातायात. तिकीट आणि खोली स्वतः बुक करा. डेबिट कार्डावर परदेशी वापर आधीच बंद असतो, तो अ‍ॅपमधून चालू करून निघा. माझ्या भाच्याने केला नाही. सिंगापूरला मेट्रोच्या गेटसमोर उभा राहून पहाटे चारला मला फोन.

निशिगंधा_के (सायंकाळी ६:४०)

सिंगापूर बाळाला चालेल का हो?

नाना_फडताळे (रात्री ९:०५)

माझं स्पष्ट मत. आधी आपला देश बघा. हंपी पाहिलंय? अजिंठा नीट पाहिलंय? आमच्या वेळी एसटीच्या पासवर अर्धा महाराष्ट्र पालथा घातला. शिक्क्याचं काय एवढं, रेशनकार्डावर पण मारतात.

टेबल_नं_४ (रात्री ९:०९)

नाना, तुमचा धागा वेगळा काढा. ‘हंपीवर शिक्का मिळेल का’.

रानजाई (१४ जानेवारी, सकाळी ६:५०)

संक्रांतीचे तीळ निवडून झाले, आता सविस्तर लिहिते.

श्रीलंका सुंदर आहे, पण चौघांची विमानं आणि फिरणं धरून तीस हजारांत ओढाताण होईल. भूतान कोणी सुचवायच्या आत सांगते, तिथे भारतीयांकडून माणशी रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क घेतात. सहा रात्रींचे सात हजार दोनशे नुसते त्यातच. मतदार कार्ड तिथेही चालतं, पण तुमच्या बजेटला तो देश आता परवडत नाही.

नेपाळला गेलात तर पैशांचं नीट ऐका. शंभराच्या नोटा न्या. दोनशे आणि पाचशेच्या भारतीय नोटांवर तिथे २०१८ च्या शेवटी बंदी आली. दुकानदार घेईलही कदाचित, पण भाव पाडून आणि तोंड वाकडं करून. बँकेत जाऊन दहा हजारांच्या शंभराच्या गड्ड्या मागा, कॅशियर तुमच्याकडे संशयाने बघेल, बघू दे. दर ठरलेला आहे, आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे, वर्षानुवर्षं तोच. मार्चपासून, म्हणजे गेल्या वर्षीच्या मार्चपासून, फोनपे कंपनीच्या नेपाळी क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. आपलं फोनपे वेगळं, त्यांचं फोनपे वेगळं, नाव सारखं वाटलं तरी. पोखऱ्यात चाललं, डोंगरातल्या चहावाल्याकडे नाही.

पक्का_कोथरूडकर (सकाळी ७:३०)

पोखऱ्यात की पोखरेत? आकारान्त स्त्रीलिंगी नाव असेल तर सामान्यरूप...

रानजाई (सकाळी ७:३२)

काका, तिळगूळ घ्या.

गावठी_जीपीएस (सकाळी १०:४५)

सगळे विमानातच बसलेत. अरे, रेल्वे आहे. मुंबईच्या एलटीटीहून (लोकमान्य टिळक टर्मिनस) गोरखपूरला कुशीनगर एक्सप्रेस रोज सुटते, कल्याणला चढा. स्लीपर सात-आठशे. गोरखपूर स्टेशनबाहेरून सोनौलीच्या बस, तीन तास. कमान ओलांडली की नेपाळ. पायी! आयुष्यात एकदा तरी चालत देश बदलावा माणसाने.

पण फेब्रुवारीत चुकूनही निघू नका. कालपासून प्रयागराजला महाकुंभ सुरू झालाय, महाशिवरात्रीपर्यंत, म्हणजे २६ फेब्रुवारीपर्यंत आहे. आरक्षण असूनही आपल्या सीटपर्यंत पोचता येत नाही अशी अवस्था होणार. २०१३ च्या कुंभात मी इटारसीपासून पुढे एका पायावर होतो. दुसरा पाय कुठे होता आठवत नाही.

आणि १४ मार्चला धुळवड. त्याच्या आधीचा आठवडा मुंबईहून यूपीकडे जाणाऱ्या गाड्या फुटतात. पण गंमत बघा, त्याच आठवड्यात उलट्या दिशेच्या, म्हणजे यूपीहून मुंबईच्या गाड्या मोकळ्या असतात. १ मार्चला निघा, ९ ला परत फिरा. दोन गर्दींच्या मधली ही फट आहे. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, १ मार्चचं उघडून दोन आठवडे झाले. पळा.

उंडगा_पाय (सकाळी ११:१५)

बत्तीस तास रेल्वेत, मग बस, मग अजून बस. दहापैकी चार दिवस प्रवासात. त्यापेक्षा व्हिएतनामला साडेपाच-सहा तास. पासपोर्ट असलेल्या तिघांनी जा, परभणीला फोटो पाठवा. मित्र म्हणून एवढं तो समजून घेईल.

चिंगी_चाळीतली (सकाळी ११:४०)

+१. किंवा त्याला तत्काळमध्ये काढायला लावा. तत्काळचे साडेतीन हजार, साध्याचे दीड.

चार्टर्ड_चकली (दुपारी १२:१०)

हेच लिहायला आलो होतो. तत्काळ काढा. साधारण अर्जाचे १,५००, तत्काळचे ३,५००.

आल्प्सवाले_काका (दुपारी १२:३०)

तत्काळ हा पर्याय आहे. साडेतीन हजार लागतात.

अर्धा_चहा (दुपारी १:००)

तत्काळचं सगळ्यांनी सांगितलं, आभारी आहे. त्याचं म्हणणं, ‘तत्काळला पैसे घालून पुन्हा काहीतरी अडलं तर पैसेही गेले आणि ट्रिपही गेली.’ आमच्यात हिशेब तोच ठेवतो, त्यामुळे त्याच्याशी पैशावरून वाद घालता येत नाही. तो साधा अर्ज परत करणार आहे, सावकाश आला तरी चालेल म्हणतो.

हिरवी_झेंडी (१५ जानेवारी, दुपारी ४:२०)

नेपाळ परदेश नाही म्हणणाऱ्यांसाठी. कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. अर्धा तास नाही, एक तास नाही, पंधरा मिनिटं! बिलावर साल २०८१ छापलेलं असतं, कारण तिथे विक्रम संवत चालतो. सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा. मी रविवारी सुट्टी समजून बँक बंद असेल म्हणून शनिवारी गेले आणि बंद दारासमोर उभी राहिले. आता याला परदेश नाही तर काय म्हणायचं?

पक्का_कोथरूडकर (दुपारी ४:४४)

पंधरा मिनिटांच्या फरकाने परदेश ठरत असेल तर आमच्या सोसायटीतला प्रत्येक जण वेगळ्या देशात राहतो.

टेबल_नं_४ (दुपारी ४:४६)

काकांना या धाग्यातला पहिला षट्कार.

गावठी_जीपीएस (सायंकाळी ५:३०)

नेपाळ ठरत असेल तर सोनौलीहून थेट काठमांडूची बस घेऊ नका. बुटवल ते नारायणगड रस्त्याचं रुंदीकरण किती वर्षं चाललंय देव जाणे. मी उतरलो तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, हॉटेलवाल्याने वय विचारलं.

माउली_सोलापूर (सायंकाळी ६:०२)

काठमांडू सोडून कसं चालल? पशुपतिनाथ नाय केला तर नेपाळ कशाला जायचं? शिवरात्रीला जा, लय मोठी जत्रा असती.

रानजाई (सायंकाळी ६:२५)

जायचंच तर काठमांडू-पोखरा नेहमीचा मार्ग घ्या, पण विमानाने. भक्तपूरच्या चौकात मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ, म्हणजे तिथलं दही, खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. आपलं श्रीखंड त्यापुढे उगाच गोड वाटायला लागतं. माझा सल्ला: मुंबई-काठमांडू विमान, चार दिवस खोऱ्यात, दोन दिवस पोखरा.

आणि प्रवासविमा घ्या. पोखऱ्याच्या पायऱ्यांवर माझा घोटा मुरगळला होता. विमा नव्हता. एक्स-रे आणि पट्टीत परतीच्या दिवसाची सगळी खरेदी गेली.

अर्धा_चहा (१९ जानेवारी, रात्री १२:१०)

ठरलं. सगळ्यांचे आभार, आणि सगळ्यांची आधीच माफी, कारण कुणाचंच पूर्ण ऐकलेलं नाही.

नेपाळ. चौघंही. रेल्वेने. काठमांडू नाही, पशुपतिनाथ नाही, विमान नाही, शिक्काही नाही.

कुशीनगरची १ मार्चची तिकिटं काढली. दोन कन्फर्म, एक आरएसी, एक वेटिंग १७. पुढे लुंबिनी, तिथून तानसेन, मग पोखरा आणि त्याच रस्त्याने परत. तानसेनचं नाव इथे कुणीच घेतलं नाही. सांगलीकरांपैकी एकाच्या मेसमध्ये वाढणारा मुलगा तिथला आहे. तो म्हणाला, ‘मेरे गाँव जाओ, काठमांडू में क्या रखा है.’ त्याच्या घरी द्यायला त्याने एक पिशवी पण दिलीय.

तिघांनी व्हिएतनामला जायचं आम्ही खरंच बोललो होतो, परभणी समोर असताना. तो म्हणाला, ‘जा ना, मी कुठं अडवलंय.’ मग कुणीच काही बोललं नाही आणि तो चहाचे पैसे द्यायला उठला. तो पैसे द्यायला उठत नाही कधी.

उंडगा_पाय (१९ जानेवारी, सकाळी ८:१५)

भावनेच्या भरात निर्णय. शुभेच्छा. मेसच्या पोऱ्याच्या सांगण्यावरून परदेश ठरवणारा पहिला माणूस.

नाना_फडताळे (सकाळी ८:४०)

लुंबिनी घेतलंस, बरं केलंस. तिथे अशोकाचा स्तंभ आहे. त्यावरचा लेख वाचून जा. बुद्ध इथे जन्मले म्हणून या गावाचा कर कमी करून आठवा हिस्सा केला, असं सम्राटाने दगडावर कोरून ठेवलंय. स्तंभाला हात लावू नका आणि त्याच्यापुढे दात दाखवत फोटो काढू नका.

गावठी_जीपीएस (सकाळी ९:२०)

तानसेन चांगलं आहे. सिद्धार्थ राजमार्गाने जाल, बुटवल सोडलं की सिद्धबाबापाशी दरडी कोसळतात, पावसाळ्यात जास्त. मार्चला चालून जाईल. सकाळची बस धरा, खिडकी डावीकडची.

माउली_सोलापूर (सकाळी १०:००)

पशुपतिनाथ नाय. बरं. शेंगाचटणी ने.

अर्धा_चहा (१३ मार्च २०२५, रात्री १०:३०)

परत आलो. धागा वर काढतोय, कारण इथे बऱ्याच जणांनी खर्चाचं विचारलं होतं. म्हणजे नव्हतं विचारलं, पण सांगतो.

माणशी १६,९४०. एलटीटी ते एलटीटी, पुण्याहून जाणं-येणं आणि विमा धरून. इतकं कमी का झालं त्याला एक कारण आहे, ते खाली.

गावठी_जीपीएस दादा, तुमची फट बरोबर निघाली. जाताना डबा भरलेला होता पण आपल्या जागेवर बसता आलं. वेटिंग सुटलं, आरएसीवर दोघं आळीपाळीने झोपले. येताना आख्खा कप्पा आमचाच, पत्ते खेळत आलो. कमान पायी ओलांडली. कुणी ओळखपत्र विचारलं नाही. परभणीकर मतदार कार्ड हातात धरून चालत होता, परीक्षेच्या हॉलमध्ये शिरल्यासारखा. पलीकडे गेल्यावर एका शिपायाला त्याने स्वतःहून दाखवलं. तो म्हणाला, ‘ठीक है, जाओ.’ त्याला एवढ्याने समाधान झालं नाही.

आता खर्चाचं. हिशेब त्याच्या वहीत, दोन रकाने, नेपाळी आणि भारतीय. रानजाई ताईंचा १.६० त्याने पहिल्या पानावर चौकट काढून लिहिला होता. लुंबिनीला चौघं दाल-भात जेवलो, ताटाचे ४०० नेपाळी. भात, डाळ, भाजी हवं तितकं वाढत होते. आम्ही तीन-तीनदा घेतलं. रात्री त्याने वही पुढे केली. एका जेवणाचे ६४०! चौघांचे अडीच हजारांच्या वर. आम्ही हादरलो. पुढचे दोन दिवस नुसते वायवाय नूडल्स, घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. तानसेनला मेसच्या मुलाच्या घरी पिशवी द्यायला गेलो, त्याच्या आईने जेवायला बसवलं तेव्हा आम्ही असे तुटून पडलो की ती माउली घाबरली. तिथेच त्याच्या बहिणीने वही पाहिली. आठवीत आहे ती. म्हणाली, ‘दाइ (म्हणजे दादा), गुणा नहीं, भाग.’

४०० भागिले १.६ म्हणजे २५०. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचंही.

मग पोखऱ्याला राजासारखे जेवलो. वर डोंगरात ‘ऑस्ट्रेलियन कॅम्प’ नावाच्या जागी एक रात्र राहिलो, त्या भागात फिरायला आपल्याला १,००० नेपाळी रुपयांचं परमिट लागतं. मार्चमध्ये हवा धुरकट असते हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस डोंगर नाहीच. तिसऱ्या दिवशी पहाटे सांगलीकराने लाथ मारून उठवलं. बाहेर आलो तर माछापुच्छ्रेचा डोंगर एवढा जवळ की मी आधी तो ढग समजलो. वीसेक मिनिटं दिसला. फोटोत दातासारखा आलाय.

तानसेनहून राणीघाटला उतरलो होतो, काली गंडकीच्या काठावरचा तो जुना वाडा बघायला. उतरताना मजा, चढताना परभणीने आम्हा सगळ्यांच्या आयांची नावं घेतली.

पासपोर्ट कोराच. पण पोखऱ्यात सिमकार्ड घ्यायला ओळखपत्र मागितलं तेव्हा तोच दिला. म्हणजे परत सिमकार्डालाच कामाला आला.

रानजाई (१४ मार्च, सकाळी ७:०५)

‘गुणा नहीं, भाग’! भिजायच्या आधीच रंगले. जुजु धौ राहिलंच ना पण.

निशिगंधा_के (सकाळी ९:३०)

छान. बाळाला चालेल का तिथलं हवामान?

आल्प्सवाले_काका (सकाळी ९:४५)

वर लाडू नेले होतेत का?

अर्धा_चहा (दुपारी १२:२०)

नाही काका, भाकरीच होती. दोन परत पण आल्या.

उंडगा_पाय (दुपारी १:१०)

बरं झालं, चांगली झाली ट्रिप. तेरा हजार उरले. त्यात अजून थोडे टाका आणि आता तरी व्हिएतनाम करा.

अर्धा_चहा (दुपारी ४:४०)

परभणीचा पासपोर्ट आला की. आज त्याच्या घरून फोन आला होता. ७ तारखेला पोलीस पडताळणीला येऊन गेले. आई म्हणाली, ‘तो तर नेपाळला गेलाय.’ ते म्हणाले, ‘मग पासपोर्ट कशाला पाहिजे?’